विहिरीपलीकडचे घर

आम्ही उभयता एकाच धर्मग्रामातले, एकाच आळीच्या दोन टोकांना वाढलेले. त्यामुळे आमच्या बालपणीच्या आठवणी जशा सामाईक, तशी आमची भीतीही सामाईक. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील आमच्या वाड्यांत तेव्हा वीज आली नव्हती. सायंकाळी देवळाची घंटा झाली, प्रार्थना म्हणून झाली, ओट्यावर कंदील टांगला गेला, की आमचे जग अंगणाच्या कडेशी येऊन थांबत असे. त्यापलीकडे केळीच्या बागा, पानवेलींचे मांडव, मग बावखल, आणि बावखलावर ओणवलेले चिंचेचे जुने झाड. दिवसा त्याच झाडाच्या चिंचांसाठी भांडणारी आम्ही मुले अंधार पडल्यावर त्या दिशेला पाठ करूनही बसत नसू.

आमच्या आजीकडे भीतीवरची सारी औषधे होती. दारावर झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित झालेली पात खोचलेली असे. प्रत्येकाच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेले पवित्र मातेचे पदक, आणि उशाशी पवित्र पाण्याची बाटली. एवढे असूनही तान्ह्या बाळाच्या गालावर काजळाची तीट लागे, आणि पोर किरकिर करू लागले की मीठ, मोहऱ्या व सुक्या मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या जात. मिरच्यांचा ठसका आला नाही तर दृष्ट मोठी होती असे समजायचे. आजीला आम्ही हसत नाही. तिच्या जपमाळेत जो प्राण होता तो आमच्या प्रार्थनेत अद्याप उतरलेला नाही. पण पास्काच्या रात्री हातात पेटती मेणबत्ती घेऊन सारे धर्मग्राम सैतानाचा आणि त्याच्या साऱ्या कृत्यांचा त्याग करीत असल्याचे मोठ्या आवाजात सांगते, आणि सोमवारी सकाळी पुन्हा मीठमिरची हातात घेते, यातील विसंगती आमच्या पूर्वजांना कधी जाणवली नाही. आम्हालाही ती फार उशिरा जाणवली, आणि जाणवण्यासाठी आम्हाला एक पाप करावे लागले. ते पाप आम्ही इतकी वर्षे कोणाला सांगितले नव्हते. आज सांगणार आहोत.

आळीच्या शेवटी सामाईक विहीर होती आणि विहिरीपलीकडे एकच घर होते. त्या घरात राहणाऱ्या बाईला आम्ही मुले विहिरीवाली मावशी म्हणत असू. तरुणपणीच तिचा नवरा विहिरीचा गाळ उपसताना घसरून गेला. त्याआधी तिची दोन मुले पाळण्यातच गेली होती. तिच्या उजव्या डोळ्यात फूल पडले होते, त्यामुळे ती एखाद्याकडे पाहू लागली की मान किंचित तिरकी करून, एकटक पाही. एवढे पुरेसे होते. कोणाची म्हैस आटली, कोणाच्या केळीवर रोग पडला, कोणाची सून बाळंतपणात दगावली, की बायका आपसांत विहिरीपलीकडे मान वळवीत. उघड कोणी काही बोलत नसे. आपण ख्रिस्ती, आपण असले काही मानीत नाही, असे सांगतच सारे मानले जाई. तिने हातावर ठेवलेला पेरू आम्ही कितीदा तरी वळणावर जाऊन कुंपणापलीकडे भिरकावला आहे.

रविवारच्या मिस्सेला ती शेवटच्या बाकावर बसे. त्या बाकावर दुसरे कोणी बसत नसे. देवळात कितीही गर्दी झाली तरी माणसे दाराशी उभी राहत, पण त्या बाकावर जागा रिकामी राही. शांतीचे अभिवादन करण्याची वेळ आली की आम्ही सारे एकमेकांकडे वळून हात जोडत असू. मावशी हात जोडून उभी असे, आणि तिच्यासमोर ओळीने आमच्या पाठी असत. हे चित्र आम्ही लहानपणापासून पाहिले, आणि त्यात काही गैर आहे असे आमच्या मनात कधीही आले नाही. आज त्याचेच आम्हाला सर्वांत अधिक भय वाटते.

आमची धाकटी मुलगी तीन वर्षांची असताना, 1990 च्या डिसेंबरात, तिला तापात पहिला झटका आला. डोळे वर गेले, हातपाय ताठरले, ओठ निळे पडले. ज्यांनी आपल्या पोटच्या पोराला त्या अवस्थेत पाहिले आहे त्यांना अधिक सांगायला नको. तो प्रकार दोनतीन मिनिटांत थांबला, पण आमच्या आतली काही तरी शीर त्या दिवशी तुटली. डॉक्टरांनी शांतपणे समजावले की लहान मुलांना ताप एकदम चढला की असे होऊ शकते, बहुतेकांचे पाचसहा वर्षांचे होईपर्यंत आपोआप थांबते, ताप वेळीच उतरवा, झटका आला तर मुलीला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. आम्ही मान डोलावली. पंधरा दिवसांनी दुसरा झटका आला, आणि डॉक्टरांचे सारे शब्द आम्ही विसरलो.

मग एका नातेवाइकाने आठवण करून दिली की नाताळच्या आधी, देवळाबाहेर, विहिरीवाल्या मावशीने पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला होता.

येथे एक गोष्ट नमूद करायला हवी, कारण ती आठवली की आम्हाला आजही आपली गंमत वाटते आणि लाजही. 1990 च्या आगेमागे वसईत हरित वसईची चळवळ जोरात होती. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली माणसे जमीन, पाणी आणि हिरवाई वाचवण्यासाठी रस्त्यावर उतरली होती, आणि ज्यांच्याविरुद्ध ती उतरली होती त्यांच्या दहशतीचा तो काळ होता. त्या मोर्च्यांत आम्हीही चाललो होतो. घरी धमकीचा निरोप येईल हे माहीत असूनही चाललो होतो. शस्त्रधारी माणसाला न भिणारी ही जोडी एका डोळ्यात फूल पडलेल्या म्हातारीला मात्र भ्याली.

भगताकडे जाण्याचा प्रसंग लांबवीत नाही. एका रात्री नातेवाइकाला बरोबर घेऊन आम्ही रेल्वे ओलांडून पूर्वेला गेलो. भगताने तांदळाचे दाणे मांडले, डोळे मिटले आणि पाण्याजवळ राहणारी, एका डोळ्याने पाहणारी बाई आहे असे सांगितले. आम्ही थरारलो. आमच्या नातेवाइकाने त्याला हे सारे आधीच सांगून ठेवले असेल, ही साधी शंका आमच्यासारख्या शिकल्यासवरल्या माणसांना त्या वेळी शिवली नाही. भय बुद्धीला आधी बाहेर काढते आणि मग घरात शिरते. त्याने टाचण्या टोचलेले एक लिंबू दिले, ते अमावास्येच्या रात्री त्या बाईच्या उंबऱ्याखाली पुरायला सांगितले, आणि तिची बाधा तिच्यावरच उलटेल असे आश्वासन दिले.

तिची बाधा तिच्यावर उलटेल. या वाक्याचा अर्थ आम्हाला कळत नव्हता असे नाही. पोरगी बरी होईल आणि मावशीचे वाईट होईल, असा तो सरळ व्यवहार होता. आम्ही तो मान्य केला.

जानेवारीतील अमावास्येच्या रात्री आम्ही दोघे विहिरीपाशी गेलो. एकाने राखण करायची आणि दुसऱ्याने उकरायचे. घरात चिमणी जळत होती आणि आतून जपमाळेचा पुटपुटता आवाज येत होता. लहानपणी ज्या चिंचेचे आम्हाला भय वाटे ती पाठीशी होती, पण त्या रात्री तिची आठवणही झाली नाही. अंधारात लपूनछपून, दुसऱ्याच्या दाराशी, त्याच्या नाशाची इच्छा धरून वावरणारे कोणी त्या आळीत असेल तर ते आम्हीच होतो. हा विचार तेव्हा सुचला नाही. तेव्हा फक्त हात थरथरत होते आणि माती ओली होती.

मुलीला फेब्रुवारीत तिसरा झटका आला.

त्या वर्षी पुनरुत्थानाचा सण 31 मार्चला होता. पवित्र सप्ताहाच्या आधी आम्ही दोघांनी वेगवेगळे जाऊन, एकमेकांना न सांगता, एकच पाप निवेदन केले. आमचे फादर तेव्हा वयोवृद्ध होते. आम्हाला वाटले होते की भगताकडे गेल्याबद्दल ते रागावतील, पहिल्या आज्ञेची आठवण देतील. ती त्यांनी दिली, पण एका वाक्यात. मग त्यांनी विचारले, "ते लिंबू अजून तिथेच आहे का?" आम्ही निरुत्तर. ते म्हणाले, "प्रायश्चित्त म्हणून मी तुमच्यावर हे लादत नाही, पण सुचवतो. दिवसाउजेडी जा, ते काढा आणि तिला सांगा. तुम्ही सैतानाला घाबरलात याची मला एवढी काळजी वाटत नाही. तुम्ही तिला किती घाबरवलंत याची वाटते." जाताना त्यांनी संत योहानाच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय शेवटपर्यंत वाचायला सांगितला. शेवटपर्यंत या शब्दावर त्यांनी भर दिला. आम्ही दोघेही घरी येऊन एकाच पानाशी गाठ पडल्यावर एकमेकांकडे पाहत राहिलो, आणि मग बोललो.

त्या अध्यायातील परिपूर्ण प्रेम भयाला बाहेर घालवते हा आशय आम्हाला पाठ होता. आमच्या घरात तो भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरही छापलेला होता. आम्ही त्याचा अर्थ असा लावीत असू की देव आमच्यावर प्रेम करतो, तो आमचे रक्षण करील, मग आम्हाला कशाचे भय? म्हणजे हे प्रेमही आमच्या गळ्यातील पदकाप्रमाणेच, आमच्यापुरते कवच. पण त्याच अध्यायात, अवघ्या दोन ओव्यांनंतर, प्रेषित योहान म्हणतात की दिसणाऱ्या बंधूवर जो प्रेम करीत नाही तो न दिसणाऱ्या देवावर प्रेम करूच शकत नाही. भय घालवणारे प्रेम हे एवढे मोठे प्रेम आहे. त्यात मावशी होती. तिला वगळून घेतलेले प्रेम भयाला बाहेर काढीत नाही, आत कोंडून ठेवते.

पुढे फादरांकडून आम्ही पुस्तके आणून वाचली. मिसरच्या वाळवंटातील मठाधिपती संत अंथोनी यांचे जे चरित्र संत अथानासियस यांनी चौथ्या शतकात लिहिले, त्यात भुताखेतांशी झालेल्या झुंजीची मोठी वर्णने आहेत. अंथोनी एका थडग्यात राहत असताना सैतानी शक्ती सिंह, अस्वल, साप, विंचू अशी रूपे घेऊन त्यांच्यावर धावून आल्या, असे त्यात म्हटले आहे. मार खाऊन पडलेले अंथोनी त्यांना हसले. तुमच्यात खरोखर बळ असते तर तुमच्यातील एकटाही पुरला असता, एवढा गोंगाट कशाला, असा त्यांच्या बोलण्याचा भाव आहे. मग छतातून प्रकाश आला, तेव्हा अंथोनींनी प्रभूला विचारले की तू इतका वेळ कोठे होतास? उत्तर आले की मी येथेच होतो, तुझी झुंज पाहत होतो. 17 जानेवारीला या संताचा सण असतो. ज्या आठवड्यात हा सण आला त्याच आठवड्यात आम्ही लिंबू पुरले होते.

प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायातील स्केवाच्या सात मुलांची हकीकत तर जणू आमच्यासाठीच लिहिलेली. इफिस शहरात हे सात भाऊ येशूचे नाव मंत्रासारखे वापरून भुते काढू पाहतात, आणि भूतग्रस्त माणूस त्यांनाच उघडेवाघडे करून पळवून लावतो. येशूचे नाव त्यांच्या ओठावर होते, पण येशूशी त्यांचा काही संबंध नव्हता. आम्ही पवित्र पाणी भगताच्या अंगाऱ्यासारखे शिंपडत होतो आणि क्रूस टाचणीसारखा वापरत होतो, तेव्हा आमची गणना त्या सात भावांत आठवे म्हणून करायला हरकत नव्हती. कोणी असा समज करून घेऊ नये की आम्ही सैतानाचे अस्तित्व नाकारतो. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात सैतानाबद्दल स्पष्ट शिकवण आहे, पण त्याच शिकवणीत हेही स्पष्ट आहे की तो केवळ एक निर्मित जीव असून त्याची शक्ती अमर्याद नाही. आमच्या आळीत मात्र तो देवापेक्षा अधिक तत्पर मानला जाई. नवस फेडायला वर्ष लागले तरी चालत असे, दृष्ट मात्र त्याच संध्याकाळी काढावी लागे.

पवित्र सप्ताहाच्या बुधवारी, सकाळी दहाच्या सुमारास, आम्ही कुदळ घेऊन विहिरीपलीकडे गेलो. विहिरीवर बायका होत्या. त्या पाहत राहिल्या. मावशी ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिने मान तिरकी करून आमच्याकडे पाहिले, आणि लहानपणापासूनचे सारे भय आमच्या पाठीतून सरसरत वर गेले. हे खोटे सांगणार नाही. पापनिवेदन झाले होते, अध्याय वाचून झाला होता, आणि तरीही आम्ही घाबरलो.

आम्ही उंबऱ्याशी वाकणार तोच ती बोलली. ती आपल्या बोलीत बोलली. आम्ही ते येथे पुस्तकी मराठीत देतो, त्यात तिचा आवाज उतरत नाही.

"लिंबू शोधता का? ते त्याच सकाळी कोंबडीने उकरलं."

आमच्या हातातली कुदळ तशीच राहिली.

"बावखलात टाकणार होते. मग म्हटलं, सगळ्यांच्या गुरांचं पाणी ते. नको. चुलीत जाळलं."

आम्ही म्हणालो, "मावशी, आम्ही पुरलं होतं."

ती काही बोलली नाही. सुपातले तांदूळ पुन्हा पुन्हा एकाच बाजूला सारत राहिली. मग म्हणाली, "तेव्हापासून रात्री झोप लागत नाही. दिवा विझवत नाही. कोणाचं आपण काय वाईट केलं असेल, ते आठवत बसते. एकेक घर आठवते. तुमचं घर आठवलं नव्हतं."

आम्ही ज्या बाईला भीत होतो ती बाई दोन महिने आम्हाला भीत होती. जे संकट आमच्या घरात कधीच आले नव्हते ते आम्ही आमच्या हातांनी तिच्या घरात नेऊन ठेवले होते. आणि तिच्याजवळ ना भगत होता, ना नातेवाईक. तिने जपमाळ धरली होती, आणि त्या जपमाळेत आपल्या हातून झालेल्या अपराधांचा शोध घेत होती.

क्षमा केली असे ती म्हणाली नाही. तशी अपेक्षा करण्याचा अधिकारही आम्हाला नव्हता. ती इतकेच म्हणाली, "पोर कशी आहे?" म्हणजे तिला ठाऊक होते. लिंबू कोणाचे हे नव्हे, पण आळीत आमच्या पोरीबद्दल काय बोलले जाते ते तिला ठाऊक होते.

निघण्यापूर्वी आम्ही तिच्याकडे पाणी मागितले. हे आधी ठरवलेले नव्हते. घसा सुकला होता, एवढेच. पण पाणी म्हणताच ती गोंधळली. आत गेली, आणि बराच वेळ आतून भांडी घासल्याचा आवाज येत राहिला. पाहुण्यासाठी ठेवलेला तांब्या तिच्या घरात कित्येक वर्षांत वापरला गेला नव्हता. तो चिंच लावून घासून तिने बाहेर आणला तेव्हा तिचा हात इतका हलत होता की अर्धे पाणी ओट्यावर सांडले. शोमरोनी स्त्रीकडे भर दुपारी विहिरीवर पाणी मागणारा प्रभू त्या क्षणी आम्हाला आठवला असे लिहिले तर ते शोभून दिसेल, पण ते खरे नाही. तो नंतर आठवला. त्या क्षणी पहिला घोट घशाखाली उतरवताना आमच्या मनात एकच विचार होता, की याने आपल्याला काही होईल का. तरीही प्यायलो. दुसरा घोट थंड लागला. तिसऱ्यापर्यंत ते नुसते पाणी झाले होते.

भय गेले ते असे. ते एका घोटात गेले नाही. त्या गुरुवारी प्रभुभोजनाच्या मिस्सेला आम्ही मुलीला घेऊन शेवटच्या बाकावर बसलो. धर्मगुरूंनी बारा जणांचे पाय धुतले तेव्हा पुढचे नीट दिसावे म्हणून मुलगी बाकावर चढली, आणि तोल जाऊ नये म्हणून मावशीने तिच्या पाठीला हात लावला. त्या हाताकडे पाहताना आमच्या छातीत धडधडले. आम्ही तो हात तसाच राहू दिला. प्रेमाची आमची पहिली कृती म्हणावी तर ती एवढीच होती. त्यात भावना म्हणावी अशी काही नव्हती. भावना मागाहून आली. पुढच्या पावसाळ्यात, जेव्हा मुलगी स्वतः होऊन विहिरीपलीकडे खेळायला जाऊ लागली आणि मावशीकडून शेण थापायला शिकून आली तेव्हा.

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत वाईटापासून सोडवण्याची विनंती सर्वांत शेवटी येते. आम्ही आयुष्यभर ती शेवटची ओळच काय ती मनापासून म्हणत आलो. तिच्या आधी, आम्ही जशी आमच्या अपराध्यांना क्षमा करतो तशी आम्हाला क्षमा मिळावी, अशी विनंती आहे. या विनंत्यांचा क्रम काही उगाच नसावा, असे अलीकडे आम्हाला वाटू लागले आहे.

हे सारे वाचून कोणी म्हणेल की मावशी बिचारी निष्पाप होती. तिच्यात वाईट काही नव्हतेच, तेव्हा तिच्यावर प्रेम करण्यात मोठेपणा कसला? जेथे वाईट खरोखरचे असते, हातात सुरा घेऊन उभे असते, तेथे काय? हा प्रश्न आम्हालाही होता. 2017 च्या नोव्हेंबरात आमच्या देवळात प्रवचनात सिस्टर राणी मारिया यांची कथा ऐकली तेव्हा त्याला उत्तर मिळाले. केरळातील पुल्लुवळी गावच्या या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट भगिनी मध्य प्रदेशातील उदयनगर भागात आदिवासींमध्ये काम करीत. सावकारांच्या विळख्यातून सुटून लोकांनी आपल्या पायावर उभे राहावे ही त्यांची धडपड काहींना खुपली. 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये, प्रवाशांच्या देखत, समंदरसिंह नावाच्या तरुणाने त्यांच्यावर सुऱ्याचे पन्नासहून अधिक वार केले. त्याला जन्मठेप झाली. सिस्टरांच्या धाकट्या बहीण सिस्टर सेल्मी पॉल यांनी 2002 साली तुरुंगात जाऊन त्याच्या हातावर राखी बांधली. 2006 साली तो सुटला आणि पुढे त्यांच्या केरळातील घरी गेला. सिस्टरांच्या आईने त्याचे हात हातात घेऊन त्यांचे चुंबन घेतले. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूर येथे सिस्टर राणी मारिया यांना धन्यवादित घोषित करण्यात आले.

त्या मातेचा विचार आमच्या मनातून जात नाही. ज्या हातांनी सुरा धरला होता त्या हातांना तिने ओठ लावले. त्या हातांचे तिला भय वाटले नसेल का? आम्हाला साध्या तांब्यातले पाणी पिताना वाटले. पण वाटले असले तरी तिने ते हात दूर लोटले नाहीत, आणि त्या दिवशी त्या घरात वाईटाला करण्यासारखे काही उरले नसावे.

आमच्या मुलीचे झटके डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सहाव्या वर्षाच्या आत थांबले. आळीत यावरही चर्चा झाली. आपले होते ते मावशीने काढून घेतले, असे काहींचे मत पडले. म्हणजे तिच्या चांगुलपणातही आम्हाला करणीच दिसली. 2013 साली, नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाल्यानंतर, महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. एखाद्या व्यक्तीवर करणीचा आरोप करून तिचे जगणे कठीण करणे हा आता गुन्हा आहे. कायदा हवाच होता. पण शांतीच्या अभिवादनाच्या वेळी कोणाकडे पाठ करू नये, असा कायदा कोणी करू शकणार नाही.

मावशी 2004 साली गेली. तिला अंघोळ घालायला आळीतील तीन बायका आल्या. उरलेल्या दाराशी उभ्या होत्या. वीस वर्षांपूर्वी त्या दाराशीही आल्या नसत्या, म्हणून त्यांना दोष देण्याचे धाडस आम्हाला होत नाही. तिचे घर आता नाही, विहीर बुजवली गेली आहे आणि चिंचेच्या जागी इमारत उभी आहे. मृतांच्या स्मरणदिनी, 2 नोव्हेंबरला, आमची मुलगी दरवर्षी आजीच्या कबरीवर मेणबत्ती लावते आणि दुसरी मावशीच्या. मावशीने आपल्याला पेरू दिले आणि शेण थापायला शिकवले, एवढेच तिला ठाऊक आहे.

लिंबाची गोष्ट तिला आम्ही कधी सांगितली नाही. हा अंक घरी आला की ती तो वाचील, कारण ती दर अंक वाचते. छापील पानावरून तिला हे कळावे असे आम्हाला वाटत नाही. येत्या रविवारी ती मुलांना घेऊन जेवायला येणार आहे. मिस्सेनंतर, जेवणाआधी, ओट्यावर बसून तिला सांगायचे आम्ही ठरवले आहे. सुरुवात कोणी करायची हे मात्र अद्याप ठरलेले नाही.